माझ्या बाजूचा ब्रेक

गेली चौदा वर्षं मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि या चौदा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे, "सर कधी येतील?" मी ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलाशी बसलेली असते. गळ्यात ओळखपत्र, हातात गाडीची किल्ली. माणूस आत येतो, माझ्याकडे बघतो, माझ्या मागच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो. पहिली काही वर्षं मी हसून सांगायचे की मीच शिकवते. मग कंटाळून सांगायला लागले, "सर वारले." दोघातिघांनी खरंच हळहळ व्यक्त केली. एकाने वय विचारलं.

गाडी मागे घ्यायला लागले की कुठून तरी एक माणूस उगवतोच. वॉचमन, दुकानदार, नाहीतर नुसता रिकामटेकडा. दोन्ही हात हलवत सुरू, "येऊ द्या, येऊ द्या, बस बस बस." ज्या गल्लीत मी दिवसातून बारा वेळा गाडी मागे घेते त्या गल्लीत. गॅरेजमध्ये सांगितलं की पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय, तर मेकॅनिक म्हणतो साहेबांना फोन लावून द्या. घरातले साहेब शाळेत भूगोल शिकवतात आणि स्टेपनी गाडीत कुठे असते ते त्यांना आजतागायत माहीत नाही.

हे झालं रस्त्यावरचं. मोबाइलमध्ये तर विचारूच नका. घरच्या ग्रुपवर माझा दीर रोज सकाळी एक व्हिडिओ टाकतो. बाई फाटक तोडून आत शिरते, बाई पेट्रोलच्या नळीसकट पंपावरून निघून जाते. खाली लिहिलेलं, "ताई निघाल्या." माझ्या वाढदिवसाला त्याने केकच्या चित्राऐवजी भिंत फोडून दुकानात घुसलेल्या गाडीचं चित्र पाठवलं होतं. त्यावर सोळा हसरी तोंडं आली, त्यातलं एक माझ्या सख्ख्या बहिणीचं. बोलावं तर म्हणतात, तुला विनोद कळत नाही. मला विनोद चांगला कळतो. तोच विनोद चौदा वर्षं ऐकला की काय कळायचं राहतं?

म्हणून मी इंटरनेटवर माझं स्वतःचं एक पान उघडलं. शिकवायच्या गाडीत काचेपाशी रस्ता आणि चालवणारा दोन्ही टिपणारा छोटा कॅमेरा लावलेला आहे. त्यातले तुकडे मी तिथे टाकायचे. बायका चढावर गाडी कशी उचलतात, अरुंद गल्लीत कशी वळवतात. खाली लोक यायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचे. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात समोर माणूस दिसत नाही म्हटल्यावर काय. ‘पाना-पक्कड’ असं नाव घेतलेला एक इसम तर माझ्या वाट्याला कायमचा आलेला. तो लिहायचा, "बायकांना ब्रेक सापडेपर्यंत सिग्नल दोनदा हिरवा होतो." मी लिहायचे, "तुमच्या आईने तुम्हाला वेळेवर ब्रेक लावला असता तर ही वेळ आली नसती." नवरा म्हणायचा, चिखलात दगड टाकलास की शिंतोडे तुझ्याच अंगावर येणार. मी त्यालाही सुनवायचे.

एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे सांगायचंय त्यात मी कशी दिसणार आहे ते मला माहीत आहे. निदान राग खरा होता एवढं तरी कळावं.

सुई माझ्याकडे आली ती अशी. चाळिशीला टेकलेली, किरकोळ अंगाची, खांद्याला निळी पेटी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. तिच्या गल्लीतल्या पोरांनी तिला सुई नाव ठेवलं होतं आणि तिने ते आनंदाने घेतलं होतं. "सगळे मला सुईच म्हणतात, तुम्हीही म्हणा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मग माझ्या स्टिअरिंगवरच्या हाताकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमची शीर फार छान आहे." असं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी ती त्या लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागली होती. धुता धुता शिकली, परीक्षा दिली, सुई हातात घेतली. ज्यांची शीर कुणाला सापडत नाही अशा म्हाताऱ्यांना तीच लागायची. एकदा टोचली की काम झालं, दुसऱ्यांदा टोचणं नाही. आता लॅबने नमुने गोळा करायला छोटी गाडी घेतली होती. महिनाअखेरपर्यंत जिच्याकडे लायसन असेल तिला गाडी आणि कायमची नोकरी. नसेल तर घरोघरचं काम दुसऱ्या कुणाला, आणि सुईची रवानगी पुन्हा बाटल्या धुवायला. घरी दोन मुली आणि त्यांची आजी. नवरा असून नसल्यासारखा. "मला बाटल्यांची लाज नाही मॅडम," ती म्हणाली, "पण माझे म्हातारे दुसऱ्याकडून टोचून घेणार नाहीत."

ती दोन वेळा नापास झाली.

दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर. क्लच उत्तम, गिअर उत्तम, वळणं तर अशी की बघत राहावं. पण थांबायच्या रेघेवर पुढची चाकं रेघ ओलांडून जायची. टेस्टच्या दिवशी माझ्या जागी इन्स्पेक्टर बसतो आणि मी बाहेर झाडाखाली उभी असते. दोन्ही वेळा साहेबांनी वहीत लिहिलं, ब्रेक उशिरा. मी दोन्ही वेळा त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, माझ्याबरोबर ही रोज रेघेच्या वीतभर आधी थांबते, तुमच्याबरोबरच कशी चुकते? साहेब म्हणाले, "ते तुम्ही मला सांगा." मला वाटलं, हा टोमणा आहे. तिसऱ्यांदा नापास झालं की दोन महिने पुन्हा टेस्ट देता येत नाही. महिना संपायला वीस दिवस होते.

इथे गाडीबद्दल थोडं सांगते. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो एका सळईने पलीकडच्या ब्रेकला जोडलेला. मी माझा दाबला की शिकणाऱ्याचाही ब्रेक खाली जातो आणि गाडी थांबते. आमची सळई जुनी झाली आहे, दाबली की टक् वाजते. जीवावर बेतलं तरच तो ब्रेक दाबायचा, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. शिकणाऱ्याला चुकू द्यायचं, त्याशिवाय त्याचा पाय शिकत नाही. हे मी नव्या शिक्षकांना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आमच्या स्कूलमध्ये दुसरे एक शिक्षक आहेत, त्यांना सगळे डुलकी काका म्हणतात. गुडघे गेलेले. गाडीत बसले की चपला काढतात, सीट मागे सारतात, मांडी घालतात आणि तोंडात गोळी टाकून डोळे मिटतात. दिवसभर तेच तेच विनोद. बाई शिकायला आली की म्हणणार, "या बाई, विमा काढलाय ना?" मला त्यांचा मनस्वी राग. आणि ऑफिसच्या फळ्यावर महिन्याचा निकाल लिहिलेला असायचा, त्यात त्यांच्या दहा बायकांतल्या आठ पहिल्या फटक्यात पास, माझ्या दहांतल्या जेमतेम पाच. माझे पुरुष मात्र जवळजवळ सगळे पास. याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. घाबरट बायका माझ्याकडे येतात, धीट त्यांच्याकडे जातात. शिवाय इन्स्पेक्टर त्यांचा मित्र. चौदा वर्षं मी हे उत्तर दिलं आणि कुणी मला उलटून विचारलं नाही.

तर सुई दुसऱ्यांदा नापास झाली त्या संध्याकाळी माझं डोकं फिरलं. कॅमेऱ्यातून सरावाचा एक तुकडा काढला. चौक, लाल सिग्नल, आणि सुईची गाडी अगदी रेघेच्या आधी, लोण्यासारखी थांबलेली. तो पानावर टाकला आणि वर लिहिलं, "ही बाई ब्रेकवर दोनदा नापास झाली. का, ते तुम्हीच सांगा. साहेबांना डोळे आहेत की नुसत्या मिशा?" सुईला विचारलं नाही. मी तिच्याच बाजूने भांडत होते, मग विचारायचं काय, असं मला वाटलं.

दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. आधी चांगलं चांगलं आलं, "मॅडम, तुमच्यासारख्या हव्यात" वगैरे. मी चहा पीत पुन्हा पुन्हा वाचत होते. मग दुसरी मंडळी आली. हिने स्टिअरिंग कसं धरलंय बघा, उतू जाणारं पातेलं धरतात तसं. तोंड बघा, परीक्षेला बसलीय की फाशीला. एकाने लिहिलं, "अरे, ही तर आमच्याकडे रक्त न्यायला येते." त्याखाली दुसऱ्याने, "गाडीवर हात थरथरतो तिच्याकडून सुई टोचून घेता? धन्य आहे." मी एकेकाला उत्तरं देत सुटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

आणि मग पाना-पक्कड आला. या वेळी विनोद नव्हता. "मॅडम, भांडायला आलो नाही. आवाज मोठा करून ऐका. गाडी थांबायच्या आधी टक् वाजतं. मी गॅरेजात अशा गाड्या दुरुस्त करतो. ती तुमच्या बाजूच्या ब्रेकची सळई आहे. गाडी त्या बाईंनी नाही थांबवली. तुम्ही थांबवली."

मी ती कमेंट पुसून टाकली. ऐकायच्या आधी पुसली. हे मला सांगायलाच हवं, कारण ऐकून पुसली असती तर निदान भीतीने पुसली म्हणता आलं असतं. मी पुसली ती हा माणूस खोटारडा आहे याची खात्री असल्यासारखी.

पण चोराच्या मनात चांदणं. रविवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मोबाइल ठेवला, कानात इअरफोनची बोंडं घातली आणि आवाज मोठा केला. चौक. लाल सिग्नल. टक्. मग सुईचं दचकणं, मग गाडी थांबलेली.

मी तो आवाज रोज ऐकते. इतक्या वर्षांत तो मला ऐकूच येईनासा झाला होता.

मग मी सगळे तुकडे काढले, कॅमेऱ्यात जेवढे होते तेवढे. नऊ बायका, सात पुरुष. संध्याकाळपर्यंत ऐकत बसले. प्रत्येक बाईच्या प्रत्येक चौकात टक्. गतिरोधक आला, टक्. समोरून सायकल, टक्. एक बाई तर इतकी चांगली चालवत होती की तिला माझी गरजच नव्हती, तिच्याही वेळी टक्. आणि पुरुष? काही नाही. एक पोरगेला इसम हातगाडीवर जाऊन आदळायच्या बेतात होता, तिथेही माझा पाय हलला नाही. तिथे मी नुसती ओरडले, "अहो, ब्रेक!" त्याने दाबला. त्याने दाबला म्हणून तो शिकला. आणखी एक ऐकलं. पुरुषांना मी अहो म्हणते. बायकांना, माझ्याहून मोठ्या बायकांनासुद्धा, अगं अगं अगं.

मला शिसारी आली. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच. दीर निदान उघड हसत होता. डुलकी काका तोंडाने वाट्टेल ते बरळत होते, पण त्यांचे पाय मांडीखाली होते. आणि मी, जी दिवसभर त्यांच्या नावाने बोटं मोडायची, मी बायकांचा हात धरून त्यांना नापास करत होते. किती जणी? चौदा वर्षांच्या? त्यातल्या कितीजणींनी घरी जाऊन सांगितलं असेल, मला नाही जमत बाई?

हे कधी सुरू झालं तेही मला आठवलं. मी कामाला लागले तो पहिला महिना. माझ्या एका विद्यार्थिनीची गाडी फाटकाच्या खांबाला घासली. किरकोळ ओरखडा. मालक म्हणाले, "दोन बायका एका गाडीत, आणखी काय होणार?" त्याच आठवड्यात काकांच्या एका विद्यार्थ्याने उभी स्कूटर पाडली. मालक म्हणाले, "होतं असं शिकताना." त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या गाडीत बाई चुकणार नाही. चुकूच द्यायची नाही. शब्द माझ्या अभिमानाचे होते. मग पायाने ते ऐकले आणि मी विसरले.

सोमवारी सुई आली. मी तिला सगळं सांगायचं ठरवून गेले होते आणि एक शब्द बोलले नाही. नुसती चप्पल काढली आणि काकांसारखी मांडी घालून बसले. म्हटलं, पाठ दुखतेय. असं खोटं बोलून मी तिला गाडी काढायला सांगितली.

पहिल्याच चौकात ती रेघ ओलांडून गाडीभर पुढे गेली. एक सायकलवाला जेमतेम वाचला. उतरून काचेशी आला आणि म्हणाला, "चूल सांभाळा चूल, गाड्या कशाला चालवता?" एरवी मी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी मी नुसते हात जोडले. सुईने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि समोर बघतच म्हणाली, "आज तुम्ही दाबला नाहीत."

"तुला माहीत होतं?"

"पाय कुणाचा आहे मॅडम? माझाच ना. मी पाय न्यायचे तर ब्रेक आधीच खाली गेलेला असायचा. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही एवढ्या वर्षांच्या जाणत्या. तुम्हाला माझ्यात काहीतरी दिसत असणार. तुम्ही दाबताय म्हणजे मला जमणार नाहीये. मग टेस्टला बसलं की पाय वाट बघत राहायचा, कुणीतरी दाबेल म्हणून." मग तिने हात पुढे करून बघितले, जणू तेही दुसऱ्याचे होते. "माझा हात कधी थरथरत नाही हो. या गाडीतच थरथरतो."

मी माफी मागितली. काय काय बोलले ते आठवत नाही, खूप बोलले असणार, मला थोडक्यात काही येतच नाही. तिने ऐकून घेतलं. मग पेटी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "व्हिडिओ चार जणांनी दाखवला मला. गेल्या आठवड्यात दोन घरांतून लॅबमध्ये फोन आला, दुसरी मुलगी पाठवा म्हणून. त्यातल्या एका आजोबांना मी सहा वर्षं टोचतेय." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी काढते व्हिडिओ. आत्ता काढते."

"काढा," ती म्हणाली. "आणि मॅडम, मला काकांच्या गाडीत टाका. राग नाही. पण तुमच्या शेजारी बसले की माझा पाय पुन्हा वाट बघेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः ऑफिसात गेले आणि वहीत तिच्या नावापुढे माझं नाव खोडून काकांचं लिहिलं. हे का करतेय, तेही काकांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील, वर्षभराचा खाऊ मिळाला म्हणतील. ते गोळी चघळत म्हणाले, "अगं, मी कुठला मोठा शिक्षक. माझा गुडघा दुखतो म्हणून मी दाबत नाही. गुडघा ठीक असता तर मीही दाबलाच असता." ही त्यांची माझी समजूत घालायची पद्धत. पुढे म्हणाले, "विमा काढलाय ना तिने?" मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

व्हिडिओ काढला. पण कमेंट पुसली होती ती मनातून जाईना. मग पानावर खरं काय ते लिहिलं. गाडी मी थांबवत होते. बाईंची चूक नाही, इन्स्पेक्टरांची नाही, चूक माझी. आणि हे मला पाना-पक्कड यांनी दाखवलं, त्यांची कमेंट मी पुसली, त्याचीही माफी. लिहून झाल्यावर मला थोडं हलकं वाटलं. अर्धा दिवस वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लिहिण्यातली एक ओळ कापून कुणीतरी तिचं चित्र केलं होतं. वर माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात, "बायकांना शिकवणारी बाईच म्हणते, बायकांवर भरवसा नाही." दिराने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. यावेळी एकोणीस हसरी तोंडं. पाना-पक्कडने त्या चित्राखाली लिहिलं होतं, "मी असं म्हणालो नव्हतो. बाईंनीही असं लिहिलेलं नाही." त्याला चौघांनी मूर्खात काढलं. मी पान बंद करून टाकलं. कुठल्या तोंडाने भांडणार होते?

सुईने काकांबरोबर नऊ दिवस सराव केला. मी खिडकीतून बघायचे. पहिले दोन दिवस गाडी आचके देत, रेघा ओलांडत आली. काकांनी एकदाही मांडी सोडली नाही. एकदा तिने कचऱ्याचा डबा पाडला. काका खाली उतरले, डबा उभा केला, परत जाऊन बसले. पाचव्या दिवसापासून गाडी रेघेवर थांबायला लागली. महिना संपायला चार दिवस असताना ती पास झाली. पेढे काकांना मिळाले. मला तिने हात जोडून नमस्कार केला, ऑफिसातल्या शिपायाला केला तसाच.

आता माझ्या गाडीतली सळई मी बदलून घेतली आहे. जुनी टक् वाजायची म्हणून नाही. नवी आणखी मोठ्याने वाजते, मी मेकॅनिकला तसं सांगूनच बसवली. त्याने विचारलं, साहेबांना विचारलंत का? मी म्हटलं, हो विचारलं. बायका शिकायला आल्या की मी चप्पल काढते. महिन्याचा निकाल अजून काकांइतका नाही. जित्याची खोड.

गेल्या महिन्यात माझ्या वडिलांची तपासणी होती. ते ऐंशीच्या पुढचे, हाताची शीर म्हणजे धाग्यासारखी. लॅबला फोन केला, तर खाली छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. एका दमात, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, मागे घेऊन. वॉचमन हात हलवत धावला तोवर ती काच वर करून उतरलीही होती. वर आली, बाबांच्या हातावर बोट फिरवलं, आणि त्यांना कळायच्या आत रक्त काढून झालं. बाबा म्हणाले, "टोचलंस का?" ती म्हणाली, "झालं आजोबा." बाटलीवर नाव लिहिताना म्हणाली, "तुमच्या स्कूलवरूनच जातेय. सोडू का?"

मी तिच्या शेजारी बसले. तिला मी आता अहो म्हणते, जीभ अडखळते पण म्हणते. मुलींचं विचारलं, आजीचं विचारलं. लॅबच्या गाडीत तिची निळी पेटी मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली होती. ज्या आजोबांनी दुसरी मुलगी मागितली होती, ते आता पुन्हा तिलाच बोलावतात, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं. व्हिडिओचं नाव दोघींनी काढलं नाही.

चौक आला तेव्हा सिग्नल लांबूनच लाल दिसत होता. तिने आरशात बघितलं, वेग कमी केला, आणि गाडी रेघेच्या वीतभर आधी थांबवली. मग तिने खाली बघितलं. मीही बघितलं. माझा उजवा पाय पुढे गेलेला होता, सगळा जोर देऊन, टाच वर आणि बोटं रबरी मॅटमध्ये रुतलेली.

"तिथे काही नाहीये, मॅडम," ती हळूच म्हणाली.

मी पाय मागे घेतला, आणि सिग्नल सुटेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.